आमचं घर कुणी चोरेना

सुहास येवल्यांचं घर चोरीला गेलं त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. वाईट वाटलं ते याचं की चोर आमच्या घरावरून पुढे गेला आणि त्यानं त्यांचं घर निवडलं.

घर चोरीला गेलं म्हणजे विटा-दगडांसकट कुणी उचलून नेलं असं नाही. लोणावळ्याजवळच्या आमच्या कुरवंड्यात हल्ली वेगळ्या तऱ्हेची चोरी चालते. कुणीतरी कुठंतरी बसून तुमच्या बंगल्याचे फोटो मिळवतो, नेटवरच्या नकाशात त्याला काहीतरी गुळगुळीत इंग्रजी नाव देतो, खाली स्वतःचा फोन नंबर टाकतो आणि लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन मोकळा होतो. शनिवारी सकाळी लोक बॅगा, कोळशाची शेगडी आणि कुत्रं घेऊन दारात हजर होतात, आणि मालक बिचारा बनियनवर दात घासत उभा असतो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी येवल्यांच्या फाटकाशी अशा तीन गाड्या आल्या. येवले बनियनवर नव्हते. ते इस्त्रीच्या कुडत्यात होते, कारण ते झोपतातही बहुधा इस्त्रीच्या कुडत्यातच. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी त्या लोकांना शांतपणे इंग्रजीत समजावलं, पोलिसांना फोन केला आणि फाटकावरूनच सगळ्यांना परत लावलं. चार दिवसांनी पेपरात तालुक्याच्या पानावर त्यांचा फोटो आला. मागे त्यांचा पोहायचा तलाव, त्याच्या मागे नागफणीचा सुळका, आणि पुढे येवले हाताची घडी घालून.

"अठरा हजार," आमच्याकडे दूध घालणारा नथू म्हणाला. "एका रातीचं. चोरानं भाव लावलाय, भाऊ. चोर काय उगा लावंल व्हय?"

"आपल्या घराचा कुणी लावला असता तर किती लावला असता?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

नथूनं किटली खाली ठेवून आमच्या घराकडे पाहिलं. पुढचा पत्रा, दोरीवरच्या गोधड्या, स्कूटर. बराच वेळ पाहिलं. "तुमचं सेफ हाय, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं कोन न्हेत न्हाई."

हे वाक्य त्यानं दिलासा म्हणून उच्चारलं होतं. मला मात्र ते त्या दिवशीच्या जेवणात मिठासारखं प्रत्येक घासाला लागत राहिलं.

तुम्ही म्हणाल, यात जळण्यासारखं काय आहे? तर ऐका. मी नगरपरिषदेच्या पाणीपट्टी विभागात चौतीस वर्षं काढली. मला आजवर कुणीही फसवू शकलेलं नाही. बँकेचा खरा फोन आला तरी मी ठेवून देतो. त्यामुळे माझं खातं दोनदा बंद पडलं, पण तत्त्व ते तत्त्व. फोनवर आलेला ओटीपी मी सख्ख्या बायकोलाही सांगत नाही, त्यापायी एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला. इतका सावध माणूस गावात दुसरा नाही. पण सावधपणाचं दुःख असं की तो कुणाला दिसत नाही. येवल्यांच्या दारात तीन गाड्या आल्या म्हणून डिसेंबरात समाजमंदिरात त्यांचं व्याख्यान ठेवलं: 'आपली ओळख, आपली जबाबदारी'. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एकसष्ट वर्षं न फसल्याबद्दल मला कुणी साधा रुमाल दिला नाही.

व्याख्यानाला मी गेलो. शेजारधर्म आहे. येवले काय काय सांगत होते त्यातलं अर्धं मी ऐकलं. आपलं घर भाड्यानं नाही हे आपणच नेटवर जाहीर करून ठेवा, हे ऐकलं. त्यानंतर त्यांनी कागदपत्रांविषयी काहीतरी सांगितलं, पण त्या वेळी मी खुर्च्या मोजत होतो. ब्याण्णव होत्या, आणि भरलेल्या होत्या. माझ्या निरोप समारंभाला चाळीस होत्या, त्यातल्या अकरा मंडपवाल्याच्या माणसांनी अडवल्या होत्या.

घरी आल्यावर मी शालनला, म्हणजे बायकोला, सांगितलं, "आपणही जाहीर करायचं. हे घर भाड्यानं नाही."

"कोण मागतंय?" शालन म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात जाऊन संदेशला भेटलो. हा पोरांच्या लग्नाआधीचे फोटो काढतो आणि त्याच्याकडे उडता कॅमेरा आहे. 'घर भाड्याने नाही' अशी सूचना द्यायला उडता कॅमेरा कशाला, असं त्यानंही विचारलं. सूचना द्यायची तर घर ओळखू यायला हवं, असं मी म्हणालो. घर ओळखू यायचं तर भिंतीला रंग हवा, म्हणून रंगारी आणला. रंग फक्त समोरच्या भिंतीला दिला, कारण फोटो समोरूनच निघणार होता. नर्सरीतून दोन कुंड्यांतले पाम एका दिवसाच्या बोलीवर आणले. गोधड्या काढल्या, स्कूटर मागे नेली, पत्र्यावर वेल सोडली आणि ती सुतळीनं बांधली.

"काका, डावीकडून येवल्यांचा स्विमिंग पूल येतोय फ्रेममध्ये," संदेश म्हणाला.

"येऊ दे की. निसटता येतोय ना?"

"निसटता नाही, अर्धा येतोय."

"मग अर्धा येऊ दे."

उडत्या कॅमेऱ्याच्या आवाजानं नथूची म्हैस दावं तोडून सुटली आणि शालनच्या मेथीच्या वाफ्यातून आरपार गेली. नथूनं मला दोन दिवस दूध घातलं नाही आणि शालननं जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवलं. पण फोटो असे निघाले की घर कुणाचं हे मलाच क्षणभर कळेना. मी चौदा फोटो फेसबुकवर टाकले आणि वर लिहिलं: सावधान. कुरवंडे येथील हे निसर्गरम्य, हवेशीर, तलावालगतचे, नागफणीचे दर्शन घडविणारे घर भाड्याने देणे नाही.

नागफणी आमच्या घरातून दिसते, हे खोटं नव्हतं. न्हाणीघरातली बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की खिडकीतून सुळक्याचं टोक दिसतं.

खाली कुण्या उपटसुंभानं विचारलं, "काका, मालक तुम्हीच कशावरून?" माझं डोकं फिरलं. चौतीस वर्षं मी लोकांकडून मालकीचे पुरावे मागितले, आणि आता हा मला विचारतो. मी त्याच ठिकाणी आधार कार्ड दोन्ही बाजूंनी टाकलं, विजेचं बिल टाकलं, मोबाइल नंबर टाकला. मग कुणी काही विचारलं नाही.

तासाभरात येवल्यांचा फोन आला. "मारुतराव, ते आधार ताबडतोब काढून टाका. आणि फोटोही. धोका आहे."

मला एवढंच दिसलं की त्यांनी टाकलेल्या तशाच सूचनेला नव्वद अंगठे होते आणि माझ्या सूचनेला तोवर एकशेचार झाले होते. मी मनात म्हटलं, जळतोय. जळू दे. "बघतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि बघितलं नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, साडेदहाच्या सुमाराला, आमच्या दारात एक जीप थांबली. आत सात माणसं होती. पुढून एक तिशीतला गडी उतरला, हमदान त्याचं नाव, मंचरकडचा. त्यानं फोनमध्ये पाहिलं, घराकडे पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं. "हेच ते," तो मागे वळून म्हणाला. "बुकिंग आहे, काका."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी येवल्यांच्या ओसरीकडे पाहिलं. ते पेपर वाचत बसले होते. मग मी आवाज जरा चढवून म्हणालो, "काय म्हणता? आमच्या घराचं बुकिंग? म्हणजे आमचं घर चोरीला गेलं?"

येवल्यांनी पेपर खाली केला. तो क्षण मला पुरला असता. पण माणसाला पुरतं कुठं. मी हमदानला विचारलं, "किती भाव लावलाय?"

"तीन हजार."

"एका रात्रीचे?"

"दोन रात्रींचे. जेवणासकट."

मी पायरीवर बसलो. दीड हजार. त्यातून जेवण वजा जाता घराचे किती उरले? चोराला नजर असते म्हणतात, ते खोटं आहे.

तोवर हमदानची आई, जैतुनबी, जीपमधून हळूहळू उतरली होती. सत्तरीची बाई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तिनं मुलाच्या हातातला फोन घेऊन माझ्या नाकाशी धरला. त्यात माझं आधार कार्ड होतं. "ह्यो तूच न्हवं का, भाऊ?"

"मीच."

"घर ह्येच न्हवं का?"

"हेच."

"मंग दार उघड की. पैसं पोचल्यात तुला."

मी म्हणालो, ते पैसे मला मिळालेले नाहीत, हा फ्रॉड आहे. हमदानचा चेहरा बदलला. "काका, फोटोत घर तुमचं, आधारावर नाव तुमचं, दारात तुम्ही. मग पैसे घेणारा कोण?" त्यानं तिथंच नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून अतिशय गोड आवाज आला.

"हाँ जी, मैं मारुती केदारी बोल रहा हूँ. रिटायर्ड आदमी हूँ, आप मेरा आधार देख लीजिए. घर पे ही हूँ, गेट खोल रहा हूँ."

"पण गेटवर एक काका आहेत, ते म्हणतात मारुती केदारी मी."

"वो? वो वॉचमन है, भाईसाहब. थोड़ा सटका हुआ है. उसकी बात मत सुनना." आणि फोन बंद.

जैतुनबीनं माझ्याकडे पाहिलं. मी बनियनवर होतो. तिला पटलं होतं हे मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात नथू किटली घेऊन आला आणि मी त्याला साक्षीला धरलं. नथू विचार करून म्हणाला, "भाऊ मानूस चांगला हाय. पर आधार त्येंचंच हाय, ह्ये बी खरं." त्याची साक्ष तिथंच संपली.

शालन पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. जैतुनबीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मागे उभ्या सुनेकडे, सुमय्याकडे, आणि पेंगुळलेल्या पोरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं पोलिसात जाऊन या. बाकीच्यांनी आत यायचं. चहा टाकलाय."

पोलीस ठाण्यात राजेश्वरी नावाच्या हवालदारबाई होत्या. त्यांनी आधी हमदानकडून सायबरच्या १९३० नंबरवर फोन करवला. पैशाचा दुसरा हप्ता त्यानं सकाळीच भरला होता, तो अडवता येईल असं कळलं. मग त्यांनी अर्ज पुढे ओढला. "संशयिताचं नाव?"

"मारुती केदारी," हमदान म्हणाला.

"तक्रारदार क्रमांक दोन?"

"मारुती केदारी," मी म्हणालो.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "काका, हे आधार त्याला मिळालं कुठून?"

"मीच टाकलं होतं. फेसबुकवर."

"का?"

"लोकांनी सावध राहावं म्हणून."

 मग त्यांनी मला शांतपणे समजावलं, शाळेतल्या मुलाला समजावतात तसं: कुणाला आधार दाखवायचंच असेल तर नंबर झाकलेलं दाखवायचं, आधारला जोडलेले बोटांचे ठसे नेटवरून कुलूपबंद करून ठेवायचे, आणि माझ्या नावावर कुठं खातं किंवा सिमकार्ड निघालं आहे का ते आता तपासावं लागेल. ते होईपर्यंत चौकशीला बोलावलं की यायचं. "म्हणजे मी आरोपी?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. "पण अजून तुम्ही नाही असंही मला लिहिता येत नाही." चौतीस वर्षं मीही लोकांना अशीच उत्तरं देत आलो. समोरच्या बाजूला बसल्यावर ती कशी लागतात ते त्या दिवशी कळलं. माझं नाव, ज्याच्यावर आजवर थकबाकीचासुद्धा डाग नव्हता, ते कुणीतरी गोड आवाजात वापरत होतं, आणि त्यापायी पोरंबाळं घेऊन आलेली माणसं रस्त्यावर उभी होती. माझी मान खाली गेली.

आणि नेमके तेव्हाच येवले आले. इस्त्रीचा कुडता. ठाण्यातले दोघे त्यांना बघून उठले, कुणी खुर्ची दिली, चहा आला. मला तोवर पाणीही मिळालं नव्हतं. "केदारी माझे शेजारी आहेत," येवले म्हणाले. "अत्यंत प्रामाणिक गृहस्थ. मी जबाबदारी घेतो." 'मी यांना आधीच सांगितलं होतं' हे वाक्य ते उच्चारतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी ते उच्चारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्यांच्या गाडीतून घरी येताना मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आलो तर न्हाणीघराच्या दारात ही गर्दी. बादली पालथी होती आणि जैतुनबी तिच्याकडे हताशपणे पाहत भिंत धरून उभी होती.

"त्यांना नागफणी बघायचीय," शालन म्हणाली. "तुम्ही लिहिलंय ना, दर्शन घडविणारे."

मग मला कळलं. जैतुनबीचा नवरा तीस वर्षं ट्रक चालवायचा, घाटातून. दर खेपेला घरी आला की सांगायचा, घाटात एक दगूड हाय, नागानं फना काढल्यागत. तो दिसला की चढ संपत आला म्हणायचं. तुला दावीन एकदा. दाखवायचं राहून गेलं. मागच्या वर्षी तो गेला. "म्हनलं, आपुन जाऊन बघावा," जैतुनबी म्हणाली. "दुसऱ्या घरांचं भाडं झेपंना. तुमचं घावलं." तिनं बादलीकडे पाहिलं. "पर ह्याच्यावर मला न्हाई चढाया यायचं, भाऊ."

मागून पोरानं विचारलं, "आजोबा, पोहायचा तलाव कुठंय?"

आमच्या घरापासून येवल्यांच्या फाटकापर्यंत बावीस पावलं आहेत. दोन महिने मी ती चाललो नव्हतो. त्या दिवशी चाललो, आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब बावीस पावलं. घंटा वाजवली. येवले बाहेर आले. ते एकटेच असतात, बायको वर्षातले आठ महिने मुलीकडे कॅनडात. मी म्हणालो, "येवले, तुमची ओसरी हवी होती. तासभर." मग घसा साफ करून म्हणालो, "आणि तलाव. तो माझ्या फोटोत आला होता."

"दिसला मला," येवले म्हणाले. "अर्धा." आणि त्यांनी फाटक उघडलं.

जैतुनबी त्यांच्या ओसरीत वेताच्या खुर्चीत बसली. हवा स्वच्छ होती, सुळका समोर उभा होता. तिनं गुडघे चोळत तो खालपासून वरपर्यंत पाहिला. मग सुमय्याला म्हणाली, "फना न्हाई वाटत. उगा फुगवून सांगायचा." आणि पदरानं डोळे पुसले. पोरं तलावात ओरडत होती. जानेवारीतलं पाणी, पण त्यांनी पैसे भरले होते.

येवले माझ्याशेजारी उभे होते. "राहणार का ते आज?"

"उद्या दुपारपर्यंत. शालननं पिठलं टाकलंय. आमची खोली त्यांना दिली."

त्यांनी कुडत्याची बाही सरळ केली. मग म्हणाले, "माझ्याकडे आले होते त्यांच्यातही एका गाडीत म्हातारी होती. मी फाटकावरूनच परत लावलं. ते मी भाषणात सांगत नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "माझ्याकडे काही राहिलं नाही कुणी." हा सूर माझ्या ओळखीचा होता. दोन महिने मी त्याच सुरात बोलत होतो. मी त्यांना रात्री पिठल्याला बोलावलं, आणि ते लगेच हो म्हणाले. पिठलं पुरेल का, हे शालनला विचारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी मंडळी गेली. जाण्याआधी हमदाननं त्या चोराच्या पानावरच अभिप्राय लिहिला, बाकीच्यांनी सावध व्हावं म्हणून. शब्द आईचे, टंकणारा तो: 'ह्या नंबरवर पैसे भरू नका, हा चोर आहे. खरे मालक वॉचमन दिसतात पण माणूस बरा. मालकीणबाईंचं पिठलं आणि शेजारच्या दादांची ओसरी लाखात एक.' आणि खाली पाच तारे. एक तारा द्यायचा असतो, हे त्याच्या आईला मान्य नव्हतं.

मी तेव्हाच माझ्या पोस्टमधलं सगळं काढून टाकलं. बोटांच्या ठशांना कुलूप लावलं. आठवडाभरानं राजेश्वरीबाईंचा फोन आला: माझ्या नावावर दुसरं काही निघालेलं नाही, चौकशी संपली, सोमवारी ते पान बंद होतंय. मी त्यांचे आभार मानले. तेव्हा शनिवार होता. म्हणजे मध्ये दोन दिवस होते.

मी शालनच्या फोनवरून तो नंबर लावला. पुरावा म्हणून. "कुरवंडे वाला घर का क्या रेट है?"

"मारुती केदारी बोल रहा हूँ," तोच गोड आवाज म्हणाला. त्याला मराठी वाचता येत नसावं, त्याला फक्त तारे दिसले होते. "साहब, अब डिमांड बहुत है. फाइव्ह स्टार है, देखा आपने? एक रात का उन्नीस हज़ार."

मी फोन ठेवला. चप्पल घातली. बावीस पावलं या वेळी पटकन संपली. येवले ओसरीत पेपर वाचत होते. मी फाटकावरूनच म्हणालो, "एकोणीस."

त्यांनी पेपर खाली केला. कशाचे ते विचारलं नाही. नागफणीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, मग माझ्या रंगवलेल्या समोरच्या भिंतीकडे आणि न रंगवलेल्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं.

"जेवणासकट असतील," येवले म्हणाले.